हदीवरचा घाणा

मास्टरसाबांच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द मी एकदाच ऐकला, आणि त्या एका वेळेचाही अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

उद्या शाळा आहे का, असं विचारलं तर ते ‘चौदा आणे’ म्हणत. पाऊस येईल का, तर आभाळाकडे पाहून ‘तीन’. नव्या दूधवाल्याने ‘सकाळी येऊ ना?’ म्हणून विचारलं तेव्हा त्याला उत्तर मिळालं, ‘तू येशील हे अकरा आणे, मी घरी असंन हे पंधरा.’ दूधवाल्याला वाटलं, दुधाच्या भावाची घासाघीस चालली आहे. तो पुन्हा फिरकला नाही. मास्टरसाब बिनदुधाचा चहा पीत बसले आणि म्हणाले, ‘अकरा जास्त झाले. नऊ सांगायला पाहिजे होते.’

रुपयाचे आणे सोळा. जी गोष्ट पुरती खरी, तिला आपण सोळा आणे खरी म्हणतो. मास्टरसाबांनी ही बोलण्यातली सोय मोजमाप म्हणून वापरायला घेतली होती. अजून न घडलेली कोणतीही गोष्ट ते या रुपयात बसवत. शून्य कशालाच देत नसत, म्हणून ऐन उन्हाळ्यातही त्यांच्या काखेत छत्री असे. सोळाही कशाला देत नसत. उद्या सूर्य उगवेल का, हे दर वर्षी नव्या वर्गातलं कुणीतरी विचारायचंच.

‘पंधरा आणे,’ ते म्हणत.

‘आन् उरलेला एक?’

‘तो माझ्या न समजण्याचा. तो मी माझ्यापाशी ठेवतो.’

हे हिंगोलीत, हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या वर्षांत. मी पुसेगावचा, मावशीकडे राहून सरकारी हायस्कुलात शिकत होतो. मास्टरसाब आम्हाला गणिताला होते. मूळचे शिरड शहापूरचे. घरी शेती होती, ती थोरले भाऊ पाहत. मास्टरसाब हैदराबादला जाऊन पदवी घेऊन आले होते, आणि तिकडे नोकरी मिळत असताना परत आले होते. परत काहून आलात, असं कुणी विचारलं की म्हणत, ‘तिकडं सगळ्यांना सगळं माहीत होतं.’ अंगात काळी शेरवानी. फळा पुसायचं कापड शोधण्याचा त्यांना कंटाळा असावा, कारण शेरवानीची उजवी बाही कोपरापर्यंत कायम पांढरी असे. डावी अगदी स्वच्छ.

शाळेचं माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणारी आम्ही मुलं भूमितीचे सिद्धांत उर्दूत पाठ करत होतो, आणि त्यातल्या निम्म्या शब्दांचे आपापल्या मनाने अर्थ लावत होतो. मास्टरसाबांची घरची बोली दखनी, गावची मराठी. पण वर्गात ते पुस्तकी उर्दूच बोलत. अपवाद गुरुवारच्या शेवटच्या तासाचा. शुक्रवारी सुट्टी असे, त्यामुळे त्या तासाला मुलांचं लक्ष नसे आणि पाहायला कुणी येत नसे. मास्टरसाब टेबलावरचं पाठ्यपुस्तक उचलून पालथं ठेवत. ‘निसाब झोपला,’ ते म्हणत. निसाब म्हणजे अभ्यासक्रम. तो झोपला की ते शिरड शहापूरच्या मराठीत बोलू लागत, आणि मॅट्रिकच्या परीक्षेला कधीही येणार नाही असं गणित शिकवू लागत. ते गणित कॉलेजातलं होतं. एकदा एकाने धीर करून सांगितलं, की मास्टरसाब, आमच्यातले बहुतेक कॉलेजात जाणारच नाहीत.

‘म्हणून तर आता सांगून राहिलो,’ ते म्हणाले.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी हैदराबादी रुपया वर उडवला आणि तळहाताखाली झाकला. ‘चारमिनारची बाजू वर असंल, हे किती?’

‘आठ आणे,’ वर्ग म्हणाला. तेवढं सगळ्यांना आलं.

माझ्या शेजारच्याने हात वर केला. तो घाणेवाल्याचा मुलगा. अभ्यासात मध्यम, बोलण्यात पहिला. ‘मास्टरसाब, आठ आणे हाली का कलदार?’

वर्ग हसला. संस्थानचा रुपया तो हाली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार रुपया चाले, आणि तो भारी होता. सेनगावकडच्या मुलांनी दोन्ही हाताळलेले होते. मास्टरसाब मात्र हसले नाहीत. कुठला प्रश्न थट्टेचा आणि कुठला खरा, यातला फरक त्यांना कळत नसे, किंवा कळूनही ते करत नसत. त्यांनी या प्रश्नाचा बराच विचार केला.

‘इथं उडव, नाहीतर नदीपल्याड जाऊन उडव,’ ते म्हणाले. ‘निम्मं ते निम्मंच. ह्या आण्यांवर कुठल्या सरकारचा छाप न्हाई.’

त्यानंतर मास्टरसाबांनी कुठलाही आकडा सांगितला, की माझा मित्र कुजबुजत ‘हाली का कलदार?’ जोडायचा. सबंध वर्षात ही थट्टा जुनी झाली नाही.

एका गुरुवारी शिक्षणखात्याचे जिल्ह्याचे अधिकारी अचानक आले. पुस्तक पालथं, फळ्यावर रुपयांची चित्रं. अधिकाऱ्यांनी हे काय चाललंय ते विचारलं, मास्टरसाबांनी सांगितलं, आणि अधिकाऱ्यांनी खिशातला स्वतःचा रुपया काढून पहिल्या बाकावरच्या मुलापुढे धरला. ‘मी हा उडवला तर?’

‘आठ आणे,’ मुलगा म्हणाला.

‘हा रुपया आहे.’

‘व्हय जी. पन आठच आणे.’

अधिकाऱ्यांनी रुपया खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला. मागे उभे असलेले हेडमास्तर रुमालाने मान पुसत होते. जाताना पडलेला शेरा असा होता, की मुलांचं चलनाचं ज्ञान कच्चं आहे. संध्याकाळी हेडमास्तरांनी मास्टरसाबांना बोलावून बजावलं, की हे प्रकार बंद करा. ‘पुढच्या गुरुवारी असा तास होणार नाही, बरोबर?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्टरसाब म्हणाले, ‘होईल हे दहा आणे.’

तास झाला.

त्यांच्या या झोपलेल्या निसाबातला पहिला कठीण शब्द होता ‘तफाउल’. एक वस्तू घातली की तिची ठरलेली दुसरी वस्तू बाहेर येते, अशा नियमाला हा शब्द. मराठीत आता त्याला फलन म्हणतात. उदाहरणाला मास्टरसाबांनी माझ्या मित्राच्या वडिलांचा घाणा घेतला. करडई घातली की करडईचं तेल, जवस घातला की जवसाचं. ‘ह्याच्या बापाचा घाणा म्हणजे तफाउल,’ ते म्हणाले.

तफाउल हा शब्द आमच्यापैकी कुणीच आधी ऐकला नव्हता. तफावत हा मात्र घरोघरचा. मापात, वजनात खोट निघाली की ती तफावत. मित्राने घरी जाऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आज मास्टरसाबांनी सगळ्या वर्गासमोर आपल्या घाण्याचं नाव काढलं. आपला घाणा म्हणजे तफावत आहे म्हणाले.

शनिवारी शाळा भरायच्या आधी त्याचे वडील फाटकात उभे होते. ठेंगणा, रुंद बांध्याचा माणूस, तेलाने काळपट झालेलं धोतर, आवाज कधी न चढलेला. गावाची हद जिथे संपते तिथे, सेनगावच्या रस्त्याला त्यांचा घाणा होता, आणि त्याच छपराला लागून घर. एवढ्या लांब ते कामाच्या वेळी कधी येत नसत.

‘मास्टरसाब, माझ्या तेलात कवा तफावत निघाली?’

‘न्हाई निघाली.’

‘मापात?’

‘न्हाई.’

‘मंग पोरांपुढं काहून म्हणाले?’

‘मी तफाउल म्हणालो, भाऊ.’

‘तेच की.’

‘तेच न्हाई. उलटं हाय.’ मास्टरसाबांनी छत्री फाटकाला अडकवली. ‘तुमी करडई टाकली आन् जवसाचं तेल निघालं, असं कधी झालं?’

‘आसं कसं व्हईल?’

‘तीच करडई, तेवढीच, आन् तेल आज एक, उद्या दुसरं?’

‘करडई तीच आसंल तर तेल तेवढंच.’

‘पंधरा आणे तेवढंच,’ मास्टरसाब म्हणाले. ‘जिथं तफावत न्हाई त्याला तफाउल म्हणायचं.’

‘मंग हे पोरांपुढं सांगा,’ घाणेवाले म्हणाले.

मास्टरसाब त्यांना वर्गात घेऊन आले, फळ्याशेजारी उभं केलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. घाणेवाले हात जोडून ऐकत होते, कीर्तनात उभे असल्यासारखे. मित्र बाकाखाली तोंड घालून बसला होता. निघताना ते दारात थांबले. ‘आमचा तफाउल बघायला या एकदा समदे,’ ते म्हणाले. शब्द त्यांनी अगदी बरोबर उच्चारला.

पुढच्या गुरुवारी सगळा वर्ग घाण्यावर गेला. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती. उखळात फिरणारी लाकडी लाट कुरकुरत होती, आणि बैल फिरत होता.

‘बैल कुठं चालला?’ मास्टरसाबांनी विचारलं.

‘गोल.’

‘सगळ्या फेरीचं न्हाई विचारलं. आता, ह्या घडीला, ह्या जाग्यावर कुठं चालला?’

आम्ही बोट करावं, तोवर बैल पुढे गेलेला असे.

‘बरं. आता ह्या घडीला दोरी सुटली, तर?’

‘सरळ जाईल,’ माझा मित्र म्हणाला. ‘सेनगावच्या रस्त्याला.’

‘आन् तिकडच्या अंगाला असताना सुटली तर?’

‘आमच्या घरात.’

‘गेला व्हता एकदा,’ घाणेवाले म्हणाले. ‘उतरंड फोडली.’

मास्टरसाबांना त्या दिवशी झालेला आनंद मी पुढे फार कमी शिक्षकांच्या चेहऱ्यावर पाहिला. ‘प्रत्येक जाग्यावर त्याची एक सरळ दिशा हाय,’ ते म्हणाले. ‘त्या दिशेनं तो जात न्हाई, कारण दोरी हाय. पण दिशा असतीच. ती काढायचं गणित हाय.’ पुढे कॉलेजात कलनाच्या पुस्तकात वर्तुळ आणि त्याला टेकलेली सरळ रेषा आली. इतर मुलं ती पाठ करत होती. माझ्या वर्तुळावर बैल होता.

त्याच दिवशी, पेंडीच्या पोत्यांवर बसून, त्यांनी हद शिकवली. रुपयातले निम्मे आणे दे. उरतील त्यातले निम्मे दे. पुन्हा उरतील त्यातले निम्मे. ‘एकूण किती दिले ते म्हणत चला.’

‘आठ. बारा. चौदा. पंधरा. साडेपंधरा. पावणेसोळा.’ पुढे जीभ अडखळू लागली.

‘सोळा कधी होतील?’

‘कवाच न्हाई.’

‘आन् सोळाच्या किती जवळ जाता येईल?’

‘पाहिजे तेवढं.’

‘मग सोळा ही ह्याची हद. जवळ जायचं. पोचायचं न्हाई.’

‘हद झाली, मास्टरसाब,’ माझा मित्र म्हणाला. या वेळी त्याचे वडीलही हसले.

सत्तेचाळीस साली नदीपलीकडे स्वातंत्र्य आलं, अलीकडे आलं नाही. संस्थानाचं काय होणार, हे पुढचं वर्षभर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जो तो सोळा आणे खात्रीने बोलत होता. रस्त्यांवर हत्यारबंद टोळ्या दिसू लागल्या. तरुण मुलं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातल्या छावण्यांत जात, आणि रात्रीतून परत येऊन संस्थानाच्या चौक्यांवर चालून जात. काही परत येत नसत. वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. एका सकाळी माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

त्या दिवशी घाणेवाले पुन्हा शाळेच्या फाटकात उभे राहिले. सकाळपासून त्यांना भेटलेल्या प्रत्येकाने ‘येईल, घोर करू नका’ असंच सांगितलं होतं.

‘मास्टरसाब, पोरगं गेलं. नदीपल्याड गेलं म्हणतेत. वापस येईल का?’

‘कुठून सुटला?’ मास्टरसाबांनी विचारलं. ‘घरून का शाळेतून?’

‘घरून. झुंजुमुंजू व्हताना.’

‘एकटा?’

‘न्हाई. पुसेगावची दोन पोरं संगं हायेत. त्यायला वाट ठावं हाय.’

‘पायी?’

‘पायीच.’

मास्टरसाबांनी छत्रीच्या टोकाने जमिनीवर दोन-तीन रेघा ओढल्या. ‘नऊ आणे,’ ते म्हणाले.

‘नऊ?’

‘नऊ.’

‘बापाला आसं सांगतेत का, मास्टरसाब?’

‘तुमी विचारलं म्हणून सांगितलं.’

घाणेवाले निघून गेले. आम्हा मुलांना मास्टरसाबांचा राग आला, आणि तो आम्ही लपवला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्टरसाब सेनगावच्या रस्त्याने चालत घाण्यावर गेले. घाणेवाले बैलामागे होते. ‘साडेनऊ,’ मास्टरसाब म्हणाले आणि परत आले. मग ते रोजच जाऊ लागले. ‘नऊ.’ ‘दहा.’ ‘दहा.’ एवढंच बोलायचं आणि वळायचं. घाणेवाले बैल हाकत राहत.

हे आकडे ते हवेतून काढत नव्हते. आठवडी बाजारात सेनगावकडून आलेल्या गाडीवानांपाशी, वऱ्हाडात ये-जा करणाऱ्या फेरीवाल्यांपाशी जाऊन ते उभे राहत आणि विचारत. अमुक ठिकाणी मुलं पाहिली असं कुणी म्हटलं, तर पुढचे प्रश्न ठरलेले असत. तू स्वतः पाहिली का कुणी सांगितलं? तू कुठं उभा होता? उजेड होता का? मी नंतर ज्या धंद्यात आयुष्य काढलं, त्यात बातमी तपासायची हीच रीत होती. ती मी पहिल्यांदा हिंगोलीच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांमध्ये पाहिली.

नदीपलीकडे गेलेल्या पोराची अशी चौकशी सरकारी नोकराने करणं त्या दिवसांत साधं नव्हतं. हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, नोकरी राहील का? ‘सात आणे,’ ते म्हणाले, आणि बाजाराकडे निघाले.

मग नदीकाठी गोळीबार झाल्याची बातमी आली. दोन वेगवेगळ्या माणसांनी ती स्वतः ऐकली होती. त्या संध्याकाळी मी मास्टरसाबांच्या मागून घाण्यापर्यंत गेलो. ते नेहमीच्या जागी उभे राहिले.

‘पाच,’ ते म्हणाले.

घाणेवाल्यांनी बैल थांबवला. घाणा थांबला तेव्हा तिथे किती आवाज असतो ते कळलं.

‘मास्टरसाब, उद्यापासून हितं येऊन सांगू नका.’

‘बरं,’ मास्टरसाब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घाण्यावर गेले नाहीत. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बाभळीखाली उभे राहिले, छत्री काखेत घेतली आणि हात वर करून पाच बोटं दाखवली. घाणेवाल्यांनी पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरच्या आठवड्यात मी तेल आणायला गेलो, तेव्हा एक बदल माझ्या लक्षात आला. संध्याकाळी घाणेवाले ज्या पोत्यावर टेकत, ते पोतं भिंतीपासून उचलून रस्त्याच्या तोंडाशी ठेवलेलं होतं. मास्टरसाब यायच्या वेळेला ते तिथे बसलेले असत. पलीकडून बोटं वर होत, सहा, कधी सात. घाणेवाले मान हलवत नसत. बोटं खाली गेली की उठून बैल जुंपत.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या आणि संस्थान संपलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा मित्र परतला. दंडाला जखम होती, ती भरत आली होती. आम्ही सगळे घाण्यावर जमलो. मास्टरसाब नेहमीच्या वेळेला आले, बाभळीखाली थांबले. घाणेवाल्यांनी त्यांना हात करून अलीकडे बोलावलं.

‘आता किती, मास्टरसाब?’ त्यांनी विचारलं. मुलगा समोर बाजेवर बसून भाकरी खात होता.

मास्टरसाबांनी त्याला नीट पाहून घेतलं. ‘पंधरा,’ ते म्हणाले.

‘आवो, म्होरं बसून जेवून राहिला की.’

‘आज हाय. तुमी कालपर्यंत उद्याचंच विचारत होते.’

मित्राला ठसका लागला. घाणेवाल्यांनी त्या वर्षात पहिल्यांदाच मास्टरसाबांना बसायला पोतं पुढे केलं.

पण तो महिना कुणी निवांत बसायचा नव्हता. भीती संपली नव्हती. ती आमच्या गल्लीतून उठून मुसलमानांच्या गल्लीत राहायला गेली होती. मास्टरसाबांच्या शेजारची घरं एकेक करून कुलपात गेली. हेडमास्तर हैदराबादला निघून गेले. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या बातम्यांत मास्टरसाबांचे प्रश्न विचारायचीही गरज उरली नव्हती. सांगणाऱ्यांनी स्वतःच पाहिलेलं असे. शाळा बंद होती. उघडेल तेव्हा ती उर्दूत नसेल, हे सगळ्यांना दिसत होतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दारात बैलगाडी उभी होती. गाडीत लोखंडी ट्रंक, वळकटी, कांबळ्यात बांधलेली पुस्तकं. मागच्या बाजूला चादरीचा पडदा लावून त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. पूर्णेकडे जाणारी आगगाडी गाठायची आणि पुढे हैदराबाद, असा बेत होता. मास्टरसाब दाराला कुलूप लावून ते लागलं का हे पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते.

‘राहायचे किती आणे, मास्टरसाब?’ मी विचारलं. माझ्या प्रश्नाला त्यांनी नेहमीसारखं उत्तर द्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मागून घाणेवाल्यांचा आवाज आला. ते आणि माझा मित्र भराभर चालत आले होते. घाणेवाल्यांना धाप लागली होती. त्यांनी सरळ जाऊन बैलांच्या पुढ्यात उभं राहून विचारलं, ‘व्हय, तेच सांगा. हितं राहिले तर जगायचे किती?’

‘सहा.’

‘आन् गेले तर?’

‘रस्ता, रेल्वे, तिकडचं, सगळं धरून आठ.’

‘दोन आण्यासाठी गाव सोडून राहिले?’

‘दोन जास्त हायेत, भाऊ.’

‘माझ्या घरी राहा,’ घाणेवाले म्हणाले. ‘तुमी आन् भाभी. सोळा.’

गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मास्टरसाबांनी गुरुवारच्या तासाला बोलत त्याच आवाजात, शांतपणे समजावून सांगितलं.

‘सोळा न्हाई होत. तुमचं मन चांगलं हाय, पण मनानं आकडा वाढत न्हाई. तुमच्याकडं राहिलो तर नऊ. दहा म्हणा. आन् तेवढेच आणे तुमच्या घरातून कमी होतील, तेबी धरा.’

‘धरले.’

‘सोळा ही हद हाय, भाऊ. तिच्याजवळ जाता येतं. तिथं कुणी राहात न्हाई.’

‘आमी राहातो,’ घाणेवाले म्हणाले. ‘आमचा घाणा हदीवरच हाय. चला.’

मास्टरसाबांनी छत्री एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घेतली. त्यांनी घाणेवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्या मित्राकडे.

‘हाली का कलदार?’ त्यांनी विचारलं.

घाणेवाल्यांना प्रश्न समजला नाही. मित्राला समजला. तो हसू लागला, आणि हसता हसता त्याने जखमेच्या हाताने डोळे पुसले.

गाडीवान मघापासून कासरा धरून ताटकळला होता. ‘टेसनाला जायचं का न्हाई, एकदा नक्की सांगा,’ तो म्हणाला.

‘नक्की न्हाई,’ मास्टरसाब म्हणाले.

गाडीवानाने त्याचा जो घ्यायचा तो अर्थ घेतला, आणि बैल सेनगावच्या रस्त्याकडे वळवले.